ऑस्बोर्नची थट्टा आणि अकालींचे चक्र

नांदेडला होला मोहल्ल्याच्या दिवशी गुरुद्वाराच्या वाटेवर उभे राहावे. निहंगांच्या उंच निळ्या पगड्यांवर चढवलेली पोलादी कडी उन्हात लकाकताना दिसतात. बाहेरगावचे पाहुणे त्यांना दागिना समजतात. ती चक्रे आहेत. बाहेरच्या कडेला धार, आतली कड बोथट, आणि काम एकच : फेकून मारणे. आपल्याकडे चक्र म्हटले की कॅलेंडरातल्या कृष्णाची तर्जनी डोळ्यांसमोर येते. त्यामुळेच की काय, हे शस्त्र आपण पुराणात ठेवून दिले आणि त्याच्या इतिहासाकडे फारसे पाहिले नाही.

इंग्रजी पुस्तकांत चक्राचा विषय निघाला, की एक थट्टा पाठोपाठ येते. ती विल्यम ऑस्बोर्नची. हा गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडचा भाचा आणि लष्करी सचिव. १८३८च्या उन्हाळ्यात तो वकिलातीबरोबर महाराजा रणजितसिंहांच्या दरबारी गेला. (नांदेडच्या गुरुद्वाराची आजची मुख्य वास्तू याच महाराजांनी बांधवली, ते काम १८३७च्या सुमारास पुरे झाले.) ऑस्बोर्नचे पुस्तक १८४०मध्ये निघाले. अकालींचे चक्र सहा ते नऊ इंच व्यासाचे, इंचभर रुंद, पातळ आणि धारदार असते, असे तो नोंदवतो. साठ ते ऐंशी यार्डांवरून ते हातपाय छाटते अशी ख्याती त्याने ऐकली होती. त्याने अकालींना अनेकदा करून दाखवायला सांगितले. पण नेमापेक्षा आसपासच्या बघ्यांनाच धोका अधिक, असे त्याला आढळले. त्याची मावशी एमिली ईडन हिने अकालींचे चित्र काढले, ते १८४४च्या तिच्या संग्रहात छापले गेले. चित्रातला रुबाब आणि पुस्तकातली थट्टा, दोन्ही एकाच घरातून आलेली.

ही थट्टा मला बरीच वर्षे खुपत होती. ऑस्बोर्न खोटे लिहितो असे मला वाटत नाही. पण त्याने पाहिले ते नेमके काय?

त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीचा एक साक्षीदार आहे, दुआर्ते बार्बोझा. केरळच्या किनाऱ्यावर राहिलेल्या या पोर्तुगीज कारकुनाने १५१६च्या सुमारास दिल्लीच्या राज्याविषयी लिहिताना पोलादी चाकांचे वर्णन केले आहे. दोन बोटे रुंद, बाहेरून सुरीसारखी धार, आत धार नाही, आकार लहान ताटलीएवढा. शिपाई अशी सात-आठ चाके डाव्या हातात घालतो. एक काढून उजव्या हाताच्या बोटावर गरगर फिरवतो आणि शत्रूवर सोडतो. सात-आठ हा आकडा वाचताना माझी नजर त्यावरून सरकून गेली होती. त्याचे महत्त्व मला नंतर, चक्र हातात घेतल्यावर कळले.

पुस्तके वाचून माझे समाधान होईना, तेव्हा ओळखीच्या लोहाराकडे गेलो. इतिहासाची पदवी नसण्याचा एक फायदा असतो, असल्या उद्योगांना कोणाची परवानगी लागत नाही. चक्र घडवायची जुनी रीत अशी : पोलादाची पट्टी तापवून, ऐरणीवरच्या खाचेत ठोकून वळवायची, आणि दोन्ही टोके पितळाने झाळून कडे पुरे करायचे. वरचे जास्तीचे पितळ मग काढून टाकायचे. आम्ही जुन्या ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला. तो ठोकून पातळ करण्यातच अर्धा दिवस गेला. धार लावायची नाही, हे मी आधीच बजावले होते. लोहाराला ते पटले नाही. “मग साहेब, हे कशाला करायचं?” असे त्याने दोनदा विचारले.

पहिले कडे दिसायला गोल होते, पण फेकले की लडबडत जाई. सांध्यापाशी पितळ जास्त राहिले होते आणि त्या बाजूला वजन पडत होते. कानशीने तासून, दोऱ्याला टांगून, पुन्हा तासून ते सरळ जायला लागले. चक्राची कारागिरी त्याच्या सोन्याच्या नक्षीत शोधणाऱ्या संग्राहकांनी एकदा सांध्यावरून बोट फिरवून पाहावे.

फेकायला शिकलो गोदावरीच्या वाळूत. मनगटाने, थाळी भिरकावल्यासारखे, चक्र फेकणे महिनाभरात थोडे जमले. पंधरा पावलांवर उभा केलेला केळीचा खांब वीस फेकींत सहा-सात वेळा लागू लागला. बोटावर फिरवून सोडणे मात्र जमेना. का जमेना, याचा हिशेब एका संध्याकाळी कागदावर मांडला. चक्र बोटाभोवती सेकंदाला चार फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात त्याची दिशा चौदा अंशांहून अधिक बदलते. तेवढा क्षण चुकला, की साठ यार्डांवर, म्हणजे सुमारे पंचावन्न मीटरवर, चक्र नेमापासून चौदा मीटर बाजूला जाते. ऑस्बोर्नचे बघे तिथेच उभे असणार.

पण समोर खांबाऐवजी दोनशे मीटर रुंदीची फौज असेल, तर चौदा मीटरची चूक ही चूकच राहत नाही. या माणसाला नाही लागले तर शेजारच्याला लागेल. अशा वेळी हातात सात-आठ चक्रे असणे आणि ती एकामागून एक सोडणे याला अर्थ येतो. दरबारी पाहुण्याने एका माणसाला, एका चक्राने, एक नेम मारायला सांगितले. माझ्या मते परीक्षाच चुकीची होती.

अंतराचा दावाही मी बढाई म्हणून सोडून देणार नाही. मध्ये पोकळ असलेले पातळ कडे भरीव तबकडीपेक्षा दूर जाऊ शकते. अमेरिकेत १९८४मध्ये बाजारात आलेली एरोबी नावाची प्लास्टिकची कडी याच आकाराची आहे, आणि २००३मध्ये ती ४०६ मीटर फेकली गेली. पोलादाला ते साधणार नाही, पण ऐंशी यार्ड म्हणजे जेमतेम त्र्याहत्तर मीटर. अंग छाटण्याच्या गोष्टीवर मात्र माझाही विश्वास नाही. इतके हलके कडे कातडी कापील, घोडा बिथरवील. हाड तोडणार नाही.

१८४९मध्ये पंजाब खालसा झाला आणि कंपनी सरकारने तिथल्या लोकांची शस्त्रे काढून घेतली. चक्रे पगडीवर उरली, लंडनच्या संग्रहालयांत गेली. फेकणारा हात काही काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

नांदेडमधल्या एका वयस्क निहंगांना मी माझे चक्र दाखवले. त्यांनी आधी अंगठ्याने सांधा चाचपला, मग ते तर्जनीवर घेतले. मी शेजारी उभा होतो. फिरवायच्या आधी त्यांनी मला हाताने मागे सारले आणि म्हणाले, “बाजूला नका थांबू. पाठीमागं या.”