इंजिनाच्या तहानेपायी झालेलं स्टेशन

साल १९०९, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. जपानच्या क्युशू बेटावर हितोयोशीहून सुटलेल्या गाडीत तुम्ही बसला आहात. लाइन उघडून महिनाभरच झालाय. खिडकी लावून घ्या, नाहीतर डोळ्यांत कोळशाची कणी जाईल. जेमतेम दहा किलोमीटरांत गाडी जवळजवळ दोनशे मीटर चढते आणि धापा टाकत थांबते. ओकोबा.

खाली उतरून गाव शोधाल तर सापडायचं नाही. एक लाकडी इमारत, फलाट, दगडी बांधणीची पाण्याची टाकी आणि चहूकडे जंगल. बोगदे खणताना जे कामगार गेले, त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडही जवळच आहे. हे स्टेशन माणसांच्या सोयीसाठी झालेलंच नाही. पुढचा चढ चढण्याआधी इंजिनाला पाणी लागतं, म्हणून ते झालं.

आता आत बसा. गाडी उलटी निघाली, घाबरू नका. मागे एका आडमार्गात जाऊन ती थांबते, सांधे बदलतात, आणि मग पुन्हा पुढे तोंड करून ती डोंगराला वळसा घालू लागते. बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या गोष्टी ऐकलेल्यांना हा प्रकार कळेल. ते १९२९ साली बंद झालं. ओकोबाची खुबी अशी की, उलटं फिरणं आणि रुळांचं पूर्ण वर्तुळ, दोन्ही एकाच जागी आहेत. जपानात असं दुसरं स्टेशन नाही. वळसा पुरा होत आला की खिडकीतून खाली पाहा. मघाशी सोडलेला फलाट झाडांमधून दिसतो. एवढं फिरून आपण फक्त त्याच्या डोक्यावर आलो!

इतका आटापिटा कशाला? किनाऱ्याने सरळ जाता आलं असतं. पण किनाऱ्यावरची लाइन शत्रूच्या युद्धनौकांच्या तोफांच्या टप्प्यात येईल, अशी लष्कराला धास्ती होती. म्हणून कागोशिमाला जाणारा मुख्य मार्ग डोंगरातून काढला. १९२७ साली किनाऱ्याची लाइन पुरी झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. अठरा वर्षांची मिजास संपली. हिसात्सु लाइन या नावाने ही आडवाट उरली.

पुढची उडी घ्या, २२ ऑगस्ट १९४५. युद्ध थांबून आठवडा झालाय. ही जागा ओकोबाची नव्हे, याच घाटाच्या पलीकडच्या उताराची. तुम्ही बोगद्याच्या बाहेरच थांबा. घरी परतणाऱ्या सैनिकांनी गच्च भरलेली गाडी आत चढावर अडकली आहे. धुराने जीव गुदमरतो म्हणून सैनिक खाली उतरून अंधारात चालत निघतात, आणि तेवढ्यात गाडी मागे सरकू लागते. पन्नासच्या आसपास माणसं गेली. लढाईतून वाचलेली.

या घाटात धूर कायमचाच होता. वाफेच्या काळातल्या ओकोबाच्या फलाटावर या: पाण्याचं कुंड आहे, मध्ये फुलासारखं उमललेलं कारंजं. उतारू बाह्या सावरून तोंड धुताहेत आणि पंचे काळे होताहेत. दोन डी-५१ इंजिनं, एक पुढे आणि एक मागे, गाडी वर नेताहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती गेली आणि कुंडाचं काम संपलं.

पर्यटक मात्र येत राहिले. इमारतीच्या आतल्या भिंती त्यांनी व्हिजिटिंग कार्डांनी मढवून टाकल्या. इथे कार्ड लावलं की बढती मिळते म्हणे. प्रवाशांशिवायच्या स्टेशनात बढतीचा नवस, हे मला भारी वाटतं.

जुलै २०२०च्या अतिवृष्टीत कुमा नदीने १९०८ सालचे रेल्वेपूल वाहून नेले आणि या लाइनचा मोठा पट्टा बंद पडला. नदीकाठचा, यात्सुशिरो ते हितोयोशी हा भाग २०३३च्या सुमारास पुन्हा सुरू करायचं ठरलंय. ओकोबा ज्या डोंगराच्या तुकड्यात आहे, त्याचं घोडं मात्र अडलेलं आहे. उतारू मोजूनच निकाल लावायचा असेल, तर ओकोबाचा निकाल १९०९ सालीच लागला असता.