बॉबी ऑर
रॉबर्ट गॉर्डन ऊर्फ बॉबी ऑर (जन्म: २० मार्च १९४८, पॅरी साउंड, ऑन्टारियो, कॅनडा) हे कॅनडाचे माजी आइस हॉकीपटू आहेत. बचावपटू म्हणून ते नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) बॉस्टन ब्रुइन्स आणि शिकागो ब्लॅक हॉक्स या संघांकडून खेळले. आइस हॉकीच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ स्केटिंगपटूंमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

पॅरी साउंड हे जॉर्जियन उपसागराच्या काठावरील लहानसे गाव. तेथील गोठलेल्या पाण्यावर ऑर बालपणी स्केटिंग शिकले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते ओशावा जनरल्स या कनिष्ठ गटातील संघात दाखल झाले. १९६६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी ब्रुइन्सकडून एनएचएलमध्ये पदार्पण केले आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा कॅल्डर करंडक मिळवला.

खेळशैली

त्या काळी बचावपटूचे मुख्य काम स्वतःच्या गोलजवळ राहून प्रतिस्पर्ध्याला रोखणे हे मानले जाई. एडी शोअर, डग हार्वी यांसारख्या बचावपटूंनी ऑर यांच्यापूर्वीही पक घेऊन पुढे मुसंडी मारली होती. परंतु ऑर यांनी संपूर्ण मैदानभर आक्रमणाचे नेतृत्व केले. वेग अचानक वाढवणे वा कमी करणे, लहान जागेत वळणे आणि पुढे तोंड करून धावताना क्षणात उलट्या दिशेने स्केटिंग करणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. आक्रमण फसले, तरी वेगामुळे ते बचावासाठी वेळेत परतू शकत. ते मोजे न घालताच स्केटचे बूट वापरत.

१९७०-७१ च्या हंगामात त्यांनी ३७ गोल आणि १०२ साहाय्ये मिळून १३९ गुण नोंदवले. त्या हंगामातील त्यांचा अधिक-उणे फरक +१२४ होता. हा विक्रम अद्याप अबाधित आहे. लीगच्या गुणतालिकेत अव्वल ठरलेले (१९७० व १९७५) ते एकमेव बचावपटू आहेत. १९७४-७५ मधील त्यांचा ४६ गोलांचा बचावपटूंमधील विक्रम पॉल कॉफी यांनी १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून मोडला. कॉफी हेही वेगवान स्केटिंगसाठी प्रसिद्ध होते.

१९७० चा अंतिम गोल

१० मे १९७० रोजी सेंट लुइस ब्लूजविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या ४०व्या सेकंदाला ऑर यांनी विजयी गोल केला आणि ब्रुइन्सने १९४१ नंतर प्रथमच स्टॅनली चषक जिंकला. गोल होताच नोएल पिकार्ड यांच्या अडथळ्यामुळे ऑर हवेत फेकले गेले. त्या क्षणाचे रे लुसियर यांनी टिपलेले छायाचित्र या खेळातील सर्वाधिक परिचित छायाचित्रांपैकी एक आहे.

दुखापती व निवृत्ती

कारकिर्दीच्या आरंभीच त्यांच्या डाव्या गुडघ्याला दुखापत झाली. दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया तेव्हा रूढ नव्हत्या. वारंवार गुडघा उघडून कूर्चा काढावी लागल्याने सांधा झिजत गेला. १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत ते खेळू शकले नाहीत. १९७६ च्या कॅनडा चषकात मात्र दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळून ते स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्यानंतर शिकागोकडून ते केवळ २६ सामने खेळले आणि १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, निवृत्त झाले. एनएचएलच्या ६५७ सामन्यांत त्यांनी २७० गोल व ६४५ साहाय्ये नोंदवली.

सन्मान

• नॉरिस करंडक: १९६८ ते १९७५, सलग ८ वेळा
• हार्ट करंडक: १९७०, १९७१, १९७२
• स्टॅनली चषक: १९७०, १९७२
• हॉकी हॉल ऑफ फेम: १९७९, नेहमीचा प्रतीक्षाकाळ माफ करून