३ गिगाहर्ट्झ कशासाठी? प्रोसेसरचा वेग आणि एम्युलेटरचा इतिहास

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. निन्टेन्डो कंपनीने १९९० साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम नावाचा गेम कन्सोल बाजारात आणला. त्याचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ वेगाने चालायचा. पुढे २०११ साली 'आर्स टेक्निका'वर एक लेख आला. 'ब्यू' या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने तो लिहिला होता, आणि त्याचं म्हणणं असं की या कन्सोलची अचूक नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर हवा. म्हणजे मूळ यंत्राच्या आठशे पटींहून जास्त. वीस वर्षं जुन्या खेळण्यासाठी एवढी ताकद कशाला लागते? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

आधी शब्द बघू. 'एम्युलेटर' हा शब्द खेळांच्या जगातला नाही, तो आयबीएमचा आहे. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर केली. पण ग्राहकांकडे जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम होते, आणि ते टाकून द्यायला कुणी तयार नव्हतं. मग इंजिनियरांनी नव्या यंत्राच्या आतच, मायक्रोकोडच्या पातळीवर, जुन्या यंत्राच्या आज्ञा समजण्याची सोय केली. जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर मूळ यंत्रापेक्षाही वेगाने चालले. हे का जमलं? कारण खुद्द हार्डवेअरची मदत होती. घरगुती संगणकावरच्या एम्युलेटरला ही मदत मिळत नाही. तिथे सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर येतो.

आता थोडा हिशोब करू, घाबरू नका. १९८३ चा फॅमिकॉम घ्या. तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात वाढले त्यांनी टीव्हीला जोडायचा, कॅसेट खोचायचा 'व्हिडिओ गेम' पाहिला असेल. त्यातले बरेचसे या फॅमिकॉमच्याच नकला होते. पण ती नक्कल चिपची होती: तशीच चिप पुन्हा बनवलेली. एम्युलेटर चिप बनवत नाही, तो चिपचं सोंग आणतो. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. एका आज्ञेला साधारण दोन ते सात ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला ढोबळमानाने पाच लाख आज्ञा. आता एम्युलेटरला यातल्या प्रत्येक आज्ञेसाठी काय करावं लागतं? ती मेमरीतून उचलायची, कोणती आहे ते ओळखायचं, तिचा पत्ता कॅसेटमधला आहे की चित्राच्या चिपमधला ते तपासायचं, मग काम करायचं, आणि शेवटी सगळ्या खुणा नोंदवायच्या. समजा एका आज्ञेमागे आपल्या संगणकाच्या ४० आज्ञा खर्च झाल्या. सेकंदाला दोन कोटी झाल्या. आणि यात अजून चित्र आलेलं नाही, आवाजही नाही!

शिवाय खेळाला मुदत असते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दिसायला हवीत. एका चित्राला मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम झालं नाही तर मारिओ पाण्यात चालल्यासारखा चालतो आणि आवाज तुटतो. पत्रकाचा हिशोब करणारा प्रोग्राम दोन सेकंद उशिरा आला तर कुणाचं बिघडत नाही, खेळाचं मात्र लगेच बिघडतं. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे वेळेचं सोंग आणता येत नाही.

१९९७ साली नेस्टिकल नावाचा एम्युलेटर आला. डॉसवर चालणारा, आणि त्या काळच्या साध्या घरगुती संगणकावरही झपाझप पळणारा. त्याच वर्षी सुपर फॅमिकॉमसाठी झेडस्नेस आला. त्याचा गाभा थेट इंटेलच्या असेम्ब्ली भाषेत लिहिलेला, एकेक ठोका वाचवण्यासाठी. पण फक्त चांगलं लिहून भागत नव्हतं. वेग मिळवण्यासाठी अचूकता सोडावी लागत होती. मूळ कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाजाची चिप एकाच वेळी चालतात. एम्युलेटर मात्र एकाचं थोडं काम करतो, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. किती वेळा आलटून पालटून जायचं, यावर सगळं अवलंबून. चित्राची एक पूर्ण रेघ होईपर्यंत थांबलात तर काम स्वस्तात होतं. दर ठोक्याला थांबलात तर महाग पडतं.

आणि मग १९९९ चा जानेवारी उजाडला. निन्टेन्डो ६४ हा तेव्हा बाजारात असलेला कन्सोल, प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा. आपला मघाचा हिशोब लावला, दहापट ताकद लागेल असं धरलं, तरी एक गिगाहर्ट्झ हवा. आणि एक गिगाहर्ट्झचा घरगुती प्रोसेसर बाजारात आला मार्च २००० मध्ये. तरीही त्या जानेवारीत अल्ट्राएचएलई नावाचा एम्युलेटर प्रकट झाला आणि पेन्टियम टू वर मारिओ ६४ चालू लागला. लोकांचा विश्वास बसेना.

युक्ती काय होती? त्यांनी चित्राच्या चिपच्या प्रत्येक हालचालीची नक्कल केलीच नाही. खेळ त्या चिपला काय सांगतोय, 'इथे त्रिकोण काढ, हा रंग भर', एवढं ओळखायचं आणि ते काम थेट संगणकातल्या थ्रीडीएफएक्स कार्डाकडे सोपवायचं. 'कसं केलं' ते सोडून 'काय हवंय' एवढंच पुरं करायचं. वेग मिळाला, पण मोजकेच खेळ नीट चालले.

दुसरी युक्ती त्याहून महत्त्वाची. तिला डायनॅमिक रिकम्पायलेशन म्हणतात. सोप्या भाषेत, दुभाषी आणि भाषांतरकार यांच्यातला फरक. दुभाषी तेच वाक्य शंभर वेळा आलं तर शंभर वेळा नव्याने सांगतो. भाषांतरकार एकदा लिहून ठेवतो, नंतर फक्त वाचतो. खेळाच्या प्रोग्राममध्ये तीच वळणं हजारो वेळा येतात, त्यामुळे हा फायदा प्रचंड. प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब यांचे एम्युलेटर याच पायावर उभे आहेत. गेमक्यूबचा प्रोसेसर ४८५ मेगाहर्ट्झचा. डॉल्फिन हा त्याचा एम्युलेटर २००३ साली पहिल्यांदा बाहेर आला, तेव्हा खेळ सुरू होत, पण रखडत. प्रोग्रामरांची समजूत अशी की दोन वर्षं थांबू, प्रोसेसर दुप्पट होईल, आपोआप वेग येईल.

पण तसं झालं नाही. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ चा बेत सोडून दिला. वेग वाढवला की उष्णता आवाक्याबाहेर जात होती. तिथून पुढे कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, आठ कोअर द्यायला सुरुवात केली. व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्यांची दिवाळी झाली. एम्युलेटरवाल्यांची नाही. कारण जुन्या कन्सोलच्या तीन चिपा तीन कोअरवर वाटल्या, तरी त्यांना दर ठोक्याला एकमेकींची वाट बघावी लागते. सुपर फॅमिकॉमचं मुख्य घड्याळ सेकंदाला २ कोटी १४ लाख ठोके देतं. एका कोअरचा निरोप दुसऱ्याकडे जाईपर्यंत असे कितीतरी ठोके निघून जाऊ शकतात. दहा माणसं लावली म्हणून एकाने वाचायची पोथी दहापट वेगाने वाचून होत नाही.

आता ब्यूच्या ३ गिगाहर्ट्झकडे परत येऊ. त्याच्या बीस्नेस या एम्युलेटरने स्वस्तातला मार्ग नाकारला. दर ठोक्याला सगळ्या चिपांचा मेळ घालायचा, कोणत्याही एका खेळासाठी खास पळवाट ठेवायची नाही. लोक म्हणाले, झेडस्नेसवर माझा खेळ छान चालतो, मग हा अट्टहास कशाला? त्याने दोन उदाहरणं दिली. 'एअर स्ट्राइक पॅट्रोल' या खेळात विमानाची सावली पडते. ती सावली चित्राची रेघ रंगत असतानाच, मधेच बदल करून काढलेली आहे. रेघ पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती दिसतच नाही. दुसरं, 'स्पीडी गोन्झालेस'. त्यात एका पातळीवर एक बटण दाबलं की खेळ कायमचा अडकतो. मूळ यंत्रात मात्र सुरळीत चालतो.

तुम्ही म्हणाल, एक सावली, एक बटण, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? इथेच खरा मुद्दा आहे. हौशी लोकांनी जपानी खेळांची इंग्रजी भाषांतरं केली, ती झेडस्नेसवर तपासून. त्यातली काही मूळ कन्सोलवर चालेनात, कारण ती एम्युलेटरच्या चुकीवर बेतलेली होती. पोथ्यांच्या नकला करताना लिपिकाराची चूक पुढच्या नकलेत मूळ पाठ म्हणून जाते, तसंच हे. १९९७ चा प्रोसेसर कमकुवत होता म्हणून केलेली तडजोड पुढे सत्य म्हणून मिरवू लागली. आणि मूळ यंत्रं कायम राहणार नाहीत. चिपा निकामी होतात, कॅसेटमधल्या बॅटऱ्या संपतात. ती गेल्यावर एम्युलेटर म्हणेल तोच इतिहास.

शेवटी एक उलटं उदाहरण. २००६ चा प्लेस्टेशन ३. त्याचा सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा, आणि त्यात मुख्य भागासोबत स्वतःची वेगळी मेमरी असलेले छोटे प्रोसेसर. इथे मूळ यंत्रच वाटणी करून काम करणारं, म्हणून त्याच्या आरपीसीएस३ या एम्युलेटरला जास्त कोअरचा खरोखर उपयोग होतो. म्हणजे किती ताकद लागेल हे मूळ यंत्राच्या वेगावरून ठरत नाही. त्याचे भाग एकमेकांत किती गुंतलेत आणि आपल्याला किती खरेपणा हवाय, यावरून ठरतं.

श्रोत्यांमधून प्रश्न आलाय: एम्युलेटरसाठी संगणक घ्यायचा तर काय बघावं? जुन्या कन्सोलांसाठी एका कोअरचा वेग बघा, कोअरची संख्या नंतर. प्लेस्टेशन ३ साठी दोन्ही बघा. आणि वेग पुरेसा असेल तर अचूक एम्युलेटर निवडा. एके काळी ती चैन होती, आज साधा संगणकही ती पुरवतो. ती सावली एकदा बघा, एवढंच सांगतो.