घाट आणि परवाना

त्र्यंबकेश्वराहून तोरंगण घाटानें मोखाडा व जव्हार येथें येणाऱ्या रस्त्यावर मालमोटारीचा चालक किती शिकला आहे, हें परवान्यावरून कळत नाहीं. उतारावर तो कोणता गिअर टाकतो, त्यावरून कळतें. ज्या गिअरांत घाट चढावा त्यांतच तो उतरावा, हा जुना धडा. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल केली, कीं सारा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि त्यांची पकड जाते.

हा धडा पूर्वीं क्लीनर पोरगा उस्तादाकडून शिके. चाकाखालीं दगड लावणें, हवा पाहणें, रिकामी गाडी हलविणें, यांत वर्षें गेल्यावर सुकाणू हातीं येई. शिव्या होत्या, मारही असे; त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. पण खर्चापायीं मालकांनीं क्लीनर कमी केला, आणि ती पाठशाळाच मोडली.

कायद्यानें तिची जागा घेतली काय? १९१४ च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत परवाना सक्तीचा केला. १९८८ च्या कायद्यानें व्यावसायिक चालकास आधीं वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना बाळगावयास लाविलें. इयत्ता आठवीची अट २०१९ मध्यें गेली, तें योग्यच झालें. वारली-कोकणा तरुणाचा मार्ग तिनें उगाच अडविला होता. २०२१ पासून मान्यताप्राप्त केंद्रांत उत्तीर्ण होणाऱ्यास आर. टी. ओ. ची वाहनपरीक्षाही माफ आहे. जड वाहनाचा तेथील अभ्यासक्रम ३८ तासांचा. पूर्वीं वर्षांनीं मिळणारें उरलेलें शिक्षण नवा चालक भरल्या गाडीवर, एकटाच, घाटांत घेतो.