विजेरीचा छंद आणि बालाघाटचे काळे खनिज

जुनी नाणी किंवा टपालाची तिकिटे जमविणाऱ्यास समाज रसिक म्हणतो. परंतु निरनिराळ्या बनावटीच्या उत्तम विजेऱ्या जमविणारा, त्यांपैकी एखादी रात्रंदिवस खिशात बाळगणारा, आणि कोणी विचारो वा न विचारो, तिचा झोत समोरच्या झाडाच्या शेंड्यावर टाकून दाखविणारा गृहस्थ मात्र काहीसा विक्षिप्त समजला जातो. या छंदामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातून गेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. तीच आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

आरंभीच एक शब्दाचा खुलासा केलेला बरा. लिहिताना आपण ‘विजेरी’ लिहितो, बालाघाटकडे ‘टॉर्च’ म्हणतात, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून मात्र ‘बॅटरी’ हेच नाव रूढ आहे. दिव्याला दिवा न म्हणता त्याच्या पोटात भरलेल्या मसाल्याच्या नावाने ओळखावयाचे, हे भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांना रुचणार नाही. पण मला वाटते, खेडुतांनी येथे पंडितांपेक्षा अधिक मर्म ओळखले. विजेरीची सारी कथा ही तिच्या पोटातील मसाल्याचीच कथा आहे.

भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही काही भाग काढून १८६७ ते १८७३ या काळात बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. मध्य प्रांताच्या नागपूर विभागातच तो पुढे मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी वारासिवनी, कटंगीकडील बाजारांत मराठी बोल आजही कानी पडतात. दक्षिणेस वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची शेते व तळी, उत्तरेस व पूर्वेस सातपुड्याचे चढाव, आणि बैहरच्या पठारावर सालाचे व बांबूचे दाट जंगल. अशा मुलखात रात्र म्हणजे नुसता सूर्याचा अभाव नव्हे. धान निसवले की रानडुकरांचे कळप बांधावर येतात, आणि शेतकऱ्यास मचाणावर राखणीला बसावे लागते. पावसाळ्याच्या दिवसांत मण्यार घरात शिरते. जमिनीवर निजलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. रात्री अनवाणी उठून अंगणात जाणाऱ्याला पायापुढची दोन हात जमीन दिसणे, हा तेथे जीविताचा प्रश्न असतो.

विजेरी येण्यापूर्वी हे काम टेंभा व कंदील करीत. कंदिलाचा उपकार थोर खरा. पण त्याच्यात एक मूळचाच दोष आहे. त्याचा उजेड चोहोकडे पसरतो आणि तो प्रथम धरणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. कंदील घेऊन चालणारा स्वतः उजेडात असतो व जग अंधारात असते. तो सर्वांना दिसतो, त्याला मात्र फार थोडे दिसते. विजेरीने हा संबंध अगदी उलटा केला. धरणारा काळोखात राहिला आणि त्याने बोट दाखवावे तेथे उजेड पडू लागला. मशालीपासून कंदिलापर्यंत जी सुधारणा झाली ती एकाच जातीची होती. कंदिलापासून विजेरीपर्यंतची मात्र निराळ्याच जातीची आहे, आणि या छंदाची मोहिनी मुळात येथेच आहे.

या वस्तूचा जन्म अमेरिकेतला. १८६६ च्या सुमारास लक्लांशे या फ्रेंच संशोधकाने जस्त, कोळसा व मँगनीज डायऑक्साइड यांचा विद्युत्घट केला होता; परंतु त्यात पातळ द्रव असल्यामुळे तो आडवा करण्याची सोय नव्हती. १८८६ च्या सुमारास गासनर या जर्मन गृहस्थाने द्रवाऐवजी लगदा वापरून कोरडा सेल तयार केला. मग डेव्हिड मिसेल याने असे सेल एकामागे एक नळीत भरून टोकाला दिवा व परावर्तक बसविला आणि जानेवारी १८९९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. ते पेटंट ज्या कंपनीकडे गेले तिचा मालक कॉनरॅड ह्यूबर्ट हा रशियन साम्राज्यातील मिन्स्कहून आलेला निर्वासित ज्यू होता. कंपनीने पहिल्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या आणि त्यांचे अभिप्राय जाहिरातीत छापले. त्या काळचे सेल इतके दुबळे की, दिवा सतत लावून ठेवता येत नसे. क्षणभर लावावयाचा व विझवावयाचा. म्हणून अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे चमकून जाणारा दिवा, हे नाव पडले. १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली तेव्हा कोठे तो दिवा स्थिरावला, पण नाव राहिले ते राहिलेच.

हिंदुस्थानात एव्हरेडीचे सेल विसाव्या शतकाच्या आरंभीच परदेशातून येऊ लागले होते. १९३९ साली कलकत्त्यास सेलचा कारखाना निघाला, १९५८ साली लखनौस विजेऱ्यांचा. अलाहाबादची ‘जीप’ विजेरी उत्तर व मध्य हिंदुस्थानात घरोघर पोहोचली. निकेलचा मुलामा दिलेली पितळी नळी, हातातून घसरू नये म्हणून तिच्यावर पाडलेल्या उभ्या खोबणी, पुढे फिरविता येणारे तोंड आणि मागे फिरकीचे झाकण. असा तिचा थाट असे. दोन सेलची घराला, तीन सेलची प्रवासाला आणि पाच सेलची शिकारीला, अशी साधारण वाटणी होती. पाच सेल म्हणजे साडेसात व्होल्ट आणि नळी हातभर लांब. वेळप्रसंगी तिचा सोट्यासारखा उपयोग होई, आणि तो होत नसेच असे नाही.

शिकारीचा उल्लेख आला तेव्हा या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला मे १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी टिपले ते रायफलीस जोडलेल्या विजेरीच्या प्रकाशात. तेथे ती विजेरी माणसांच्या रक्षणासाठी होती. पण तीच युक्ती हौशी बंदूकवाल्यांच्या हाती गेल्यावर मध्य प्रांताच्या जंगलांत अनर्थ झाला. हरिणाच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकचकीत थर असतो. त्यावरून प्रकाश परततो आणि काळोखात दोन निखारे पेटल्यासारखे दिसतात. शिवाय एकाएकी डोळ्यांवर झोत आला की चितळ पळत नाही, जागच्या जागी थिजते. मग नेम धरण्यात कौशल्य ते कसले उरले? बालाघाट व मंडला या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा भागात १९३३ साली अभयारण्य झाले, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तरी तेथील बारशिंग्यांची संख्या १९७० साली अवघ्या ६६ वर आली होती. याचा सारा दोष विजेरीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; कुरणे घटली होती, इतरही कारणे होती. तथापि रात्रीचा काळोख हेच जनावरांचे जे एक अखेरचे कुंपण होते ते विजेरीने मोडले, हे नाकारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढील वर्षी कान्हा व्याघ्रप्रकल्पात आल्यानंतर चित्र पालटले. ज्या झोताने शिकारी जनावर हेरीत, त्याच झोताने वनरक्षक आता शिकारी हेरतात.

आता मसाल्याकडे वळू. बालाघाट शहरापासून काही थोड्याच मैलांवर भरवेलीची मँगनीजची खाण आहे. भूमिगत मँगनीज खाणींमध्ये ती आशियात सर्वांत खोल मानली जाते. तिची खोली चारशे मीटरच्या घरात गेली आहे. तिरोडी, उकवा याही खाणी याच जिल्ह्यात. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात या पट्ट्यातील एका खडकाला त्यांनी येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि ते जगभरच्या शास्त्रात रूढ झाले. १८९६ मध्ये स्थापन झालेले प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाले, आणि १९६२ साली त्यातून सरकारी भागीदारीची मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची ‘मॉइल’, निघाली. १९०३ साली गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली तेव्हा या काळ्या दगडाला मैदानाची वाट मिळाली.

म्हणूनच बालाघाटचे विजेरीप्रेमी मोठ्या अभिमानाने सांगतात की, जगातील विजेऱ्या आमच्या डोंगराने पेटतात. या अभिमानात तथ्य आहे, पण तो थोडा गाळून घ्यावयास हवा. भरवेलीचे खनिज उत्तम प्रतीचे असले तरी त्याचा ओघ मुख्यत्वे पोलादाकडे आहे. सेलला लागणारे डायऑक्साइड जातीचे खनिज निघते ते शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे. विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा मॉइलचा कारखानाही तेथेच आहे. परंतु खडकाची पट्टी एकच. जिल्ह्याची हद्द साहेबाने नकाशावर ओढली. खनिजाला तिची दाद नाही. तेव्हा ‘आमच्या डोंगराने’ याऐवजी ‘आमच्या डोंगररांगेने’ एवढी दुरुस्ती केली की पुरे.

हे खनिज सेलमध्ये करते तरी काय? जस्ताच्या डबीत मधोमध कोळशाची कांडी असते. सेल चालू झाला की कांडीभोवती हायड्रोजन साचू पाहतो, आणि तो साचला की वीज अडते. मँगनीजची काळी पूड त्याला साचू देत नाही. सतत वापराने तिचा दम तुटतो, विसाव्याने थोडा परत येतो. उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची खेड्यातील रीत, जिला शहरी लोक हसत, ती म्हणूनच अगदीच निरर्थक नव्हती. विसावा मिळे, उष्णतेने आतील क्रिया जरा जलद होई आणि संध्याकाळी आणखी दहा-पंधरा मिनिटांचा उजेड पदरात पडे. सेल पार निकामी झाले म्हणजे मुले ते फोडीत. त्यातील काळी पूड पाल्याच्या रसात कालवून शाळेचा फळा रंगविण्याची रीत अनेक ठिकाणी होती, आणि त्याच फळ्यावर भूगोलाच्या तासाला मँगनीजची स्थळे लिहिली जात.

माझ्या परिचयाच्या एका बालाघाटी गृहस्थांपाशी जुन्या-नव्या चाळीसेक विजेऱ्या आहेत. जुन्यांतील निम्म्या आतून खाल्लेल्या. कारण जस्ताची डबी झिजली की आतील क्षार पाझरतो व पितळेला हिरवी बुरशी चढते. ठेवणीच्या विजेरीतून सेल आधी काढावे, हा त्यांचा पहिला नियम. नव्या विजेऱ्यांचे जग मात्र सर्वस्वी निराळे आहे. १९७९ साली अमेरिकेत मॅग्लाइट ही अल्युमिनियमची दणकट विजेरी निघाली आणि उत्तम विजेरी बाळगणे ही तिकडे हौस झाली. १९९१ साली लिथियम-आयन सेल बाजारात आले; निळ्या प्रकाशाचा डायोड साधल्यामुळे पांढरा डायोडदिवा शक्य झाला, ज्याबद्दल तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुनी दोन सेलची विजेरी पंधरा-वीस ल्यूमेन उजेड देई. आज बोटभर लांबीची विजेरी हजार ल्यूमेन देते. झोत किती दूर जातो हे मोजण्याचे प्रमाणही २००९ साली ठरले. पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड ज्या अंतरावर उरतो, ती त्या विजेरीची मजल. हे माप मला फार आवडते. एवढे यंत्रशास्त्र पुढे गेले, पण अखेर मोजपट्टी म्हणून चंद्रच घ्यावा लागला.

छंदी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक लांब पल्ल्याच्या बारीक झोताचा, दुसरा जवळच्या पसरट उजेडाचा. पहिला पक्ष बोलका आहे, आणि दुकानातील जाहिरातीही त्याच्याच बाजूच्या असतात. परंतु मण्यारीच्या मुलखात मी दुसऱ्या पक्षाकडे मत देईन. तीनशे मीटरवरचा साल वृक्ष पाहून करावयाचे काय? राखणीला जाणारा शेतकरी आज कपाळावर बांधण्याचा, पुन्हा पुन्हा भारण्याजोगा स्वस्त दिवा घेतो व दोन्ही हात मोकळे ठेवतो. भरवेलीच्या कामगाराच्या टोपीवरही तसाच दिवा असतो. चारशे मीटर खाली तोच काय तो प्रकाश, आणि त्या प्रकाशात काळा दगड उपसला जातो. नव्या सेलांतूनही मँगनीज हद्दपार झालेले नाही. अल्कलाइन सेलमध्ये ते आहे, कॅमेऱ्यात व उंची विजेऱ्यांत घालावयाच्या आखूड लिथियम सेलमध्ये आहे, आणि पुन्हा भारता येणाऱ्या लिथियम सेलांच्या कित्येक जातींतही निकेल-कोबाल्टच्या जोडीला आहे.

जुन्या पितळी विजेरीत बसतील असे डायोडचे दिवे आता मिळतात; आटे तेच, उजेड कितीतरी अधिक. आमच्या त्या स्नेह्यांनी दोन विजेऱ्यांना ते बसविले आहेत. पाच सेलच्या एका विजेरीत मात्र त्यांनी तारेचाच पिवळसर दिवा ठेवला असून, तसे आणखी सहा दिवे कापसात गुंडाळून डबीत जपून ठेवले आहेत.