सेंद्रिय पेरॉक्साइडांच्या वातावरणीय अभिक्रिया

दोन ऑक्सिजन अणूंमधील एकेरी बंध (–O–O–) असलेली कार्बनी संयुगे म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइडे. हा बंध दुबळा असतो आणि त्यांची बहुतेक क्रियाशीलता त्यातूनच येते. झाडांतून बाहेर पडणाऱ्या आयसोप्रीन, पाइनीन यांसारख्या बाष्पांचे हवेत ऑक्सिडीकरण होताना ती तयार होतात. त्यांतील कमी बाष्पनशील रेणू सूक्ष्म कणांवर जमतात आणि विद्राव्य रेणू मेघबिंदूंत उतरतात.

मेघबिंदूंत ती विरघळलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडाचे सल्फेटात रूपांतर करतात. येथे विद्राव्यता निर्णायक ठरते. मिथिल हायड्रोपेरॉक्साइड हायड्रोजन पेरॉक्साइडापेक्षा शेकडो पटींनी कमी विद्राव्य असल्याने त्याचा वाटा सहसा अल्प असतो; हायड्रॉक्सिमिथिल हायड्रोपेरॉक्साइड मात्र पाण्यात सहज उतरते, पण जलविच्छेदनाने त्याचे विघटनही होते.

कणांमधील रसायन अधिक गुंतागुंतीचे आहे. हायड्रोपेरॉक्साइड आणि अल्डिहाइड यांच्या संयोगातून पेरॉक्सिहेमिॲसिटल हे जड रेणू बनतात व कणाचे वस्तुमान वाढते. याउलट सूर्यप्रकाश, उष्णता किंवा फेरस लोह यांमुळे पेरॉक्साइड बंध तुटून मुक्त मूलके निर्माण होतात. लोहाबरोबरची ही अभिक्रिया फेंटन अभिक्रियेसारखीच आहे. श्वासावाटे गेलेल्या कणांमुळे फुप्फुसांतील द्रवातही ती घडू शकते, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने तिचा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे.

एकूण पेरॉक्साइडांचे प्रमाण आयोडाइडापासून मुक्त होणाऱ्या आयोडिनावरून काढतात. गाळणकागदावर साठवलेल्या नमुन्यातील अस्थिर रेणू विघटित होत असल्याने हे मापन लवकर करावे लागते.