कंबरेच्या स्थैर्याची परीक्षा

कंबरेचा कणा स्थिर आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दीर्घकाळ क्ष-किरण प्रतिमेकडे होता. स्वीडनमधील क्नुट्सन यांनी १९४४ मध्ये रुग्णाला पुढे व मागे वाकवून घेतलेल्या प्रतिमांची तुलना केली आणि झिजलेल्या चकतीपाशी एक मणका दुसऱ्यावरून प्रमाणाबाहेर सरकणे हे अस्थिरतेचे लक्षण मानले. परंतु प्रतिमा निर्दोष असूनही वाकताना ज्यांची कंबर ऐनवेळी दगा देते, अशा रुग्णांविषयी ही व्याख्या काहीच सांगू शकत नव्हती. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांनी हाडांऐवजी स्नायूंकडे लक्ष वेधले: पालथ्या व्यक्तीचे पाय मेजाला बांधून, अधांतरी धड ती किती वेळ आडवे धरू शकते, हे त्यांनी २४० सेकंदांच्या मर्यादेपर्यंत मोजले.

या विखुरलेल्या निरीक्षणांना सैद्धांतिक चौकट मिळाली ती १९९२ मध्ये. येल विद्यापीठातील मूळ भारतीय संशोधक मनोहर पंजाबी यांनी स्थैर्य हे हाडे-अस्थिबंध, स्नायू आणि त्यांचे नियंत्रण करणारी मज्जासंस्था या तिघांचे संयुक्त कार्य असल्याचे मांडले. सांधा जवळजवळ विनाविरोध हलतो त्या मधल्या अल्प टापूला त्यांनी तटस्थ क्षेत्र म्हटले. इजेमुळे ते रुंदावले, तरी स्नायू त्याची काही अंशी भरपाई करू शकतात, हा या मांडणीचा गाभा होय.

फिजिओथेरपीतील पालथ्या स्थितीतील अस्थिरता चाचणी याच भरपाईचा शोध घेते. रुग्णाचे धड मेजावर आणि पावले जमिनीवर असताना चिकित्सक एकेका मणक्यावर तळहाताने दाब देतो. दुखल्यास रुग्णाला पाय उचलायला सांगून तोच दाब पुन्हा देतो, आणि पाठीचे स्नायू आवळल्यावर वेदना शमली, तर चाचणी सकारात्मक धरली जाते. हे अनुमान सुबक असले तरी अप्रत्यक्ष आहे, कारण वेदना कमी होणे म्हणजे मणका सावरला जाणे, असे येथे गृहीत धरलेले असते.

हिक्स व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अभ्यासात या चाचणीबाबत दोन परीक्षकांचे उत्तम एकमत आढळले, तर मणक्यांची हालचाल बोटांनी जोखण्याच्या जुन्या कौशल्याबाबत ते फारच क्षीण ठरले. त्यांनीच २००५ मध्ये स्थैर्यवर्धक व्यायाम कोणाला लाभतील याचे चार निकष सुचवले. त्यांपैकी चाळिशीच्या आतील वय आणि ९१ अंशांहून अधिक उचलला जाणारा सरळ पाय हे दोन तर स्थैर्य मोजतच नाहीत.